शेजारचा ब्रेक

मास्तर : टाच, काकू, टाच! टाच जमिनीला टेकलेलीच हवी. पंजा तेवढा हलवायचा. पाय असा अधांतरी ठेवलात तर पेडलचा अंदाज येणार कसा?

काकू : टेकलीये.

मास्तर : आत्ता टेकवलीत. मघाशी हवेत होती. मला इथून सगळं दिसतं बरं का. एकोणीस वर्षं झाली या डाव्या सीटवर बसून. स्वतःच्या पायांकडे बघितलं नसेल एवढं लोकांच्या पायांकडे बघितलंय मी.

काकू : आणि रस्त्याकडे कोण बघतं?

मास्तर : रस्त्याकडे तुम्ही बघायचं. त्यासाठीच तर शिकवतोय. बरं, पुढे चौक आलाय, डावीकडे वळायचंय. सांगा बघू, काय काय करायचं? मोठ्यानं म्हणा.

काकू : आरसा बघायचा. इंडिकेटर द्यायचा. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. मग ब्रेक. गाडी मंदावली की क्लच, गिअर खाली, आणि मगच वळायचं.

मास्तर : शाब्बास! आणि ब्रेक कसा?

काकू : अलगद.

मास्तर : अलगद! झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालतो ना आपण, तसा. हां... हां... बघा, थांबली की नाही? मांडीवर पाण्याचा पेला असता तरी थेंब सांडला नसता.

काकू : थांबली. फारच छान थांबली.

मास्तर : बाराव्या दिवशी अशी गाडी थांबवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. आणि तुमच्या वयाला तर... राग नका मानू.

काकू : छप्पन्न. राग कसला त्यात?

मास्तर : माझ्याकडे पंचविशीतली पोरं येतात, दहा दिवस झाले तरी गाडी बेडकासारखी उड्या मारत असते. घ्या डावीकडे. स्टिअरिंगला असं लटकू नका, हात सैल. ते पळून नाही जात.

काकू : मास्तर, ते पुढचं बंद गोदामाचं फाटक आहे ना, आत घेऊ का गाडी?

मास्तर : रिव्हर्स उद्या आहे. आज आपण पुलापर्यंत जायचं ठरलंय.

काकू : रिव्हर्स नाही करायचा. थोडं बोलायचंय.

मास्तर : मग घ्या की. बोलायला काय, गाडी चालवतानाही बोलता आलं पाहिजे माणसाला. पण घ्या. पहिला गिअर... फाटकाच्या खांबाकडे बघू नका, खांबाकडे बघाल तर खांबावरच जाल. जिथे जायचंय तिथे बघा. वा! आता थांबवा. न्यूट्रल. हँडब्रेक. किल्ली बंद. बोला.

काकू : आज सकाळपासून तुम्ही तुमच्या बाजूचा ब्रेक किती वेळा दाबलात?

मास्तर : माझ्या? एकदाही नाही.

काकू : एकदाही नाही?

मास्तर : अहो, पाय असा बाजूला घेऊन बसलोय मी. सगळी तुमचीच करामत. माणसाला स्वतःचं कौतुक ऐकून घेता यायला हवं, काकू. तुम्हा लोकांचं तेच चुकतं, चांगलं जमलं की लगेच शंका.

काकू : उजवा पाय वर करा जरा. बुटाचा तळवा दाखवा मला.

मास्तर : तळवा? घाणीत बिणीत पाय पडला का माझा? वास येतोय?

काकू : दाखवा तर.

मास्तर : हा घ्या. ...हे निळं काय लागलंय?

काकू : खडू. शिंप्याचा. कापडावर मापं आखायला वापरतो ना आम्ही, तो. सकाळी तुम्ही चाकात हवा भरून घेत होतात, तेव्हा तुमच्या ब्रेकवर घासला. क्लचवर नाही घासला, फक्त ब्रेकवर.

मास्तर : गाडीत चढताना लागला असेल.

काकू : चढताना लागला असता तर एकदा लागला असता. इथे पेडलच्या रेघा एकावर एक उमटल्यात, कापड दहादा आखून पुसल्यासारख्या. खाली वाकून पेडल बघा. त्याच्यावर खडू उरलेलाच नाही. सगळा तुमच्या बुटाला आलाय.

मास्तर : बरं बाई, चोर सापडला. कबूल. थोडाफार लागतोच हो पाय. सवय आहे ती. सगळेच शिकवणारे लावतात.

काकू : मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पस्तीस वर्षं पायाचं मशीन चालवते मी. पाय किती पडला की सुई किती धावते, हे माझ्या पायाला झोपेतही कळतं. इथे मी दोन बोटं दाबते आणि गाडी चार बोटं दाबल्यासारखी थांबते. उरलेली दोन बोटं कुणाची, मास्तर?

मास्तर : अहो पण त्यात वाईट काय झालं? ऐका माझं. पूर्वी मी असा नव्हतो. पहिली पाच वर्षं मी आरडाओरडा करायचो. ब्रेक! ब्रेक! अहो, ब्रेक मारा ना! बायका रडायच्या. चांगली शिकलेली माणसं थरथर कापायची आणि तिसऱ्या दिवसापासून यायचीच नाहीत. एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी तर गाडी भर रस्त्यात सोडली आणि चालत घरी गेले. तेव्हा मी ठरवलं, ओरडायचं नाही. माणूस कमी पडतोय असं वाटलं की आपण आपलं गुपचूप दाबायचं. त्याला कळूही द्यायचं नाही. त्याला वाटतं मला जमलं, दुसऱ्या दिवशी तो हसत येतो. माझ्याकडे आता कुणी रडत नाही. विचारा गावात.

काकू : आणि मग त्याला एकट्याला सोडायचं केव्हा?

मास्तर : शेवटचे पाच दिवस मी पाय आखडता घेतो ना. विसातले शेवटचे पाच. तुमचेही घेतले असते.

काकू : सगळ्यांचे घेता?

मास्तर : म्हणजे... होता होईल तो.

काकू : गेल्या वर्षी तुमच्याकडे एक मुलगी यायची. औषधांच्या दुकानात कामाला होती. उंच, बारीक, चष्मा. सकाळी सातला यायची, दुकान उघडायच्या आधी.

मास्तर : अशा पुष्कळ येतात.

काकू : अशा पुष्कळ येत असतील. पोलिसांनी तुम्हाला एकीबद्दलच विचारलं.

मास्तर : ...तुम्ही तिच्या कोण?

काकू : आई.

मास्तर : फॉर्मवर आडनाव वेगळं होतं.

काकू : लेकीचं आडनाव आईसारखं राहतं कुठे?

मास्तर : मग हे शिकणं... बारा दिवस... काकू, तुम्ही मला फसवलंत.

काकू : हो. तुमच्याकडून फी देऊन शिकलेली एवढी एकच गोष्ट आहे. माणसाला कळू न देता त्याच्या शेजारी बसायचं.

मास्तर : मला वाईट वाटलं होतं हो. खरंच. बातमी कळली त्या दिवशी मी क्लास बंद ठेवला होता. तुमचे जावई मला माहीत होते, एकदा तिला सोडायला आले होते. हसतमुख माणूस.

काकू : तो हसतमुख माणूस उतारावरच्या एका गोदामातून मागे येणाऱ्या ट्रकच्या फळीखाली गेला. गाडीत त्याच्याच बाजूनं घुसली ती फळी. गाडी आदल्या संध्याकाळी घरी आलेली, तीही त्याच्या मित्रानं चालवत आणलेली. सकाळी माझी लेक पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत बसली. तो म्हणाला, चल, बाजाराच्या उतारापर्यंत जाऊन येऊ. तेवढंच. घरापासून तो उतार येईपर्यंत एकदा थांबायचीसुद्धा वेळ आली नाही. त्यांची पोर आजीकडे होती म्हणून वाचली.

मास्तर : ट्रकवाल्याचीही चूक होती. मागे माणूस उभा न करता ट्रक बाहेर काढला त्यानं.

काकू : ट्रकवाल्याचं ट्रकवाल्यापाशी. मी तुमच्याकडे आलेय. शुद्धीवर आल्यापासून ती एकच सांगत होती, मी ब्रेक दाबला होता. मी दाबला होता, गाडी थांबली नाही. मग गाडी तपासणारा आला. म्हणाला, ब्रेक ठणठणीत आहेत. रस्ता बघितला, टायर घासल्याची खूण नाही. म्हणजे ब्रेक लागलाच नाही. मग राहिलं काय? तुम्ही. तुमचा जबाब मला पाठ आहे, म्हणून दाखवू?

मास्तर : नको.

काकू : "सदर विद्यार्थिनी ब्रेकचा वापर उत्तम करीत असे. शिकवणीच्या काळात मला माझ्या बाजूचा ब्रेक एकदाही वापरावा लागला नाही. ऐन वेळी घाबरून तिने ब्रेक दाबला नसावा." एकदाही! मघाशीही हाच शब्द आला तुमच्या तोंडात.

मास्तर : घाबरल्यावर पाय गारठतो माणसाचा. मी बघितलंय. ते खोटं नाही.

काकू : तिच्या सासूनं तो कागद चार लोकांत वाचून दाखवला. शिकवणारा माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार. आमच्या मुलाला हिनंच मारलं. नातीला ठेवून घेतलं त्यांनी. सहा वर्षांची आहे. तरीही माझी लेक म्हणत होती, मी दाबला होता. चार महिने म्हणत होती. मग एक दिवस नातीनं फोनवर विचारलं, "आई, तू ब्रेक का नाही दाबलास?" कुणी शिकवलं असेल, कुणी बोलताना ऐकलं असेल. पोराचं काय? त्या दिवसापासून माझी लेक म्हणायला लागली, नसेल दाबला मी. आता कुणी काही विचारलं की तेवढंच बोलते. नसेल दाबला. दुकानात जात नाही. जेव म्हटलं तर जेवते. मला भीती वाटते मास्तर, खरं सांगते. मी शिवायला बसते तेव्हा मशीन दर दोन मिनिटांनी थांबवते, आत हालचाल ऐकू येते का बघायला.

मास्तर : मी काय करू शकतो आता? झालं ते वाईटच झालं. पण माझ्या पायानं काय झालं नि काय नाही, हे कोण सांगणार? तुम्ही तरी कशावरून म्हणता?

काकू : बघायचंय?

मास्तर : काय?

काकू : सीट मागे घ्या. पूर्ण. आता मांडी घालून बसा वर.

मास्तर : काकू, काहीतरीच काय! गाडीचा विमा—

काकू : मांडी घाला. त्या भिंतीपाशी रिकामी खोकी पडलीत ना, त्यांच्या अलीकडे थांबवते मी. तुम्ही शिकवलंत तशी. बारा दिवस शाब्बास, शाब्बास म्हणताय. मग भ्यायचं कशाला?

मास्तर : पट्टा लावलाय का तुम्ही?

काकू : लावलाय. तुमचा लावा.

मास्तर : ...बरं. किल्ली फिरवा. क्लच पूर्ण. पहिला. हँडब्रेक खाली. हळूहळू सोडा. दुसरा टाका. एवढा वेग बास झाला. बास. आता पाय काढा. ब्रेकवर या.

काकू : आले.

मास्तर : दाबा.

काकू : दाबलाय.

मास्तर : दाबा हो!

काकू : दाबलाय ना! एवढाच तर दाबते रोज!

मास्तर : अहो पूर्ण! जीव खाऊन दाबा! काकू, भिंत! भिंत!

काकू : (पेडल तळापर्यंत दाबतात; गाडी गचकन थांबते, कपाळ स्टिअरिंगला टेकतं.)

मास्तर : लागलं का कुठे? कपाळ बघू. मान हलवा. हलतेय?

काकू : काही नाही झालं. खोकी?

मास्तर : गेली चाकाखाली. भिंत हातभर राहिली. गाडी बंद करा. किल्ली माझ्याकडे द्या. द्या इकडे.

काकू : मला माहीत होतं, मास्तर. असंच होणार हे ठाऊक असूनच बसले होते. घरून निघतानाच ठरवलं होतं. तरी माझा पाय तेवढाच गेला. त्याच्या पुढे जाईचना. पायाला वाटत होतं, झालं, एवढंच असतं. तुम्ही ओरडलात तेव्हा कुठे पुढे गेला. माझं माणूस शेजारी नव्हतं, ट्रक नव्हता, उतार नव्हता. मला सगळं माहीत होतं. तिला काहीच माहीत नव्हतं.

मास्तर : पाणी घ्या. मागच्या सीटवर बाटली आहे.

काकू : नको मला पाणी.

मास्तर : माझ्या लक्षात आलं होतं. त्याच दिवशी. खूण नाही म्हणाले ना रस्त्यावर, तेव्हाच. पोलीस समोर बसले होते, चहा मागवला होता त्यांनी, आणि मला स्पष्ट दिसत होता तिचा पाय. कसा टेकवायची, किती दाबायची. पोरगी हुशार होती, सांगितलं तेवढं तंतोतंत करायची. एक रेघ जास्त नाही, एक रेघ कमी नाही. दुसरे निदान धसमुसळे असतात हो, घाबरले की काहीतरी जोरात दाबतात. हिनं मी शिकवलं तेच केलं.

काकू : मग सांगितलं का नाहीत?

मास्तर : क्लासचा परवाना गेला असता. दुसरं काही येत नाही मला. तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर आलं. एकदा कागदावर उतरल्यावर मग मीही ते खरं मानायला लागलो. दिवसा तर मानायचोच.

काकू : आणि त्याच्यानंतरही पाय तसाच.

मास्तर : बांधून बघितला. हसू नका, खरंच. दोरीनं सीटच्या दांडीला बांधला होता चार दिवस. चौथ्या दिवशी एक जण सायकलवाल्याच्या अंगावर चालला होता. दोरी तोडून पाय पुढे आला. सायकलवाला वाचला. मग म्हटलं, असू दे. दुसऱ्याच्या गाडीत पाहुणा म्हणून बसलो तरी माझा पाय चालू असतो, काकू. बायको हात ठेवते गुडघ्यावर.

काकू : तिच्या परीक्षेच्या दिवशी कुठे बसला होतात?

मास्तर : इथेच. पद्धतच आहे तशी, गाडी क्लासची असते. अधिकारी मागे बसतात, कागदावर लिहीत. त्यांना पुढचे पाय दिसत नाहीत.

काकू : दाबला होतात?

मास्तर : दोनदा. एकदा चढावर आणि एकदा शेवटच्या वळणावर. आणि सोळाव्या दिवशीच बसवली मी तिला परीक्षेला. तारीख मिळत होती, तीही घाईत होती. शेवटचे पाच दिवस राहिलेच.

काकू : तिला हे सांगायचं तुम्ही. माझ्यासमोर नाही, तिच्यासमोर.

मास्तर : कुठे असते ती?

काकू : माझ्याकडे. इथून दहा मिनिटं. आत्ता चला.

मास्तर : आत्ता? काकू, मला एक दिवस द्या. नीट विचार करून, शब्द जुळवून—

काकू : शब्द जुळवूनच तर आठ महिने काढलेत. उतरा, या बाजूला या. तुम्ही चालवा. माझ्या पायावर मला भरवसा नाही.

मास्तर : मलाही माझ्या पायावर नाही.

काकू : तुम्हाला निदान थांबवता येते.

(काकूंचं घर. शिवणाच्या मशीनपलीकडे आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं. मास्तर उंबऱ्यापाशी उभे.)

लेक : आई? लवकर आलीस. ब्लाउजवाल्या बाई येऊन गेल्या, अस्तर लावलं नाही म्हणून कुरकुरत होत्या.

काकू : कुरकुरू देत. बाहेर ये जरा. कोणी आलंय.

लेक : मला नाही भेटायचं कुणाला.

काकू : तुझे मास्तर आलेत. गाडीचे.

लेक : कशाला?

मास्तर : मी आत येऊ का, बाळ? नाहीतर इथूनच बोलतो.

लेक : या ना. खुर्चीवरचे कपडे बाजूला करा आणि बसा. पाणी आणू?

मास्तर : पाणी नको, बसायला नको. उभाच बरा आहे मी. तुला एक सांगायला आलोय. त्या दिवशी तू ब्रेक दाबला होतास.

लेक : नसेल दाबला मी.

मास्तर : दाबला होतास.

लेक : रस्त्यावर खूण नाहीये, मास्तर. तुम्हाला दाखवलं नाही का त्यांनी? गाडी नीट होती. मी घाबरले असेन. तुम्हीच लिहून दिलंय तसं.

मास्तर : ते खोटं लिहून दिलं मी. ऐक. तू ब्रेक दाबलास, मी शिकवला होता तेवढा. तेवढ्यानं गाडी थांबत नाही. माझ्या गाडीत थांबायची, कारण उरलेला मी दाबत होतो. तुझ्या शेजारी बसून, तुला न सांगता.

लेक : कधी?

मास्तर : रोज.

लेक : सुरुवाती-सुरुवातीला?

मास्तर : शेवटपर्यंत. परीक्षेतही.

लेक : परीक्षेत नाही. परीक्षेनंतर तुम्ही पाठ थोपटलीत माझी. म्हणालात, अशी थांबवणारी वर्षाकाठी एखादीच येते.

मास्तर : म्हणालो.

लेक : सगळ्यांना म्हणता तसं?

काकू : मलाही आज सकाळी म्हणाले.

लेक : तू? तू कशाला गेली होतीस? आई, तुझ्या कपाळाला काय झालंय?

काकू : काही नाही, जरा टेकलं. नंतर सांगते. यांचं ऐक आधी.

लेक : म्हणजे मी एकटीनं गाडी कधी थांबवलीच नव्हती.

मास्तर : नाही.

लेक : एकदाही?

मास्तर : एकदाही नाही.

लेक : पहिल्यांदाच थांबवत होते मी. त्या उतारावर. तो म्हणत होता, दाब, दाब. मी म्हणत होते, दाबलाय. तेवढंच झालं आमचं बोलणं. मला वाटायचं, त्याला जाताना असं वाटलं असेल की ही खोटं बोलतेय. आठ महिने मला दुसरं काहीच वाटलेलं नाही.

काकू : नाही गं बाई. नाही.

लेक : तुला काय माहीत, आई? तुला कुठे काय माहीत?

मास्तर : उद्या सकाळी मी पोलिसांत जातो. सगळं लिहून देतो, जबाब फिरवतो. व्हायचं ते होऊ दे माझं. आणि तुझ्या सासूबाईंकडे जातो. त्यांनी जोड्यानं मारलं तरी उभा राहीन. तू म्हणशील त्या चार लोकांसमोर—

लेक : पोलीस नंतर.

मास्तर : मग सासूबाई?

लेक : त्याही नंतर. आई, फोन दे तुझा. माझा नंबर बघून उचलत नाहीत. आज सुट्टी आहे, या वेळेला माझी पोर पुढच्या खोलीत चित्रं काढत बसते. फोन वाजला की तीच धावते.

काकू : आत्ता? अगं, यांना जरा दम तरी घेऊ दे. तूही काही खाल्लेलं नाहीस.

लेक : वाजतोय. धरा, मास्तर.

मास्तर : मी? बाळ, मी काय बोलू तिच्याशी? मला जमायचं नाही.

लेक : एकोणीस वर्षं शिकवताय ना? सोप्या शब्दांत सांगा. सहा वर्षांची आहे ती.